भुताच्या गोष्टी, जुनी थडगी आणि मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या आणि त्यांना जुन्या दफनभूमी दाखवायला नेणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. काही प्रश्न मोठ्यांचे आहेत, काही थेट मुलांचे. मुलांचे जास्त अवघड आहेत.

भुताच्या गोष्टी आणि दफनभूमीचा इतिहास, ही मोट एकत्र का बांधलीत?

मुलांच्या डोक्यात ती आधीच बांधलेली असते. थडगं दिसलं की पहिला प्रश्न 'इथे भूत आहे का?' हाच येतो. त्याला दटावून गप्प केलं की विषय संपतो आणि भीती तेवढी उरते. त्याऐवजी 'आहे की नाही ते पाहू, पण आधी इथे कोण आहे ते वाचू या' असं म्हटलं की मूल दगडाजवळ जातं.

शिवाय भाषेनेच ही सोय करून ठेवली आहे. 'भूत' म्हणजे जे होऊन गेलं ते. व्याकरणाच्या तासाला शिकतो तो भूतकाळ आणि पिंपळावरचं भूत, दोन्हीकडे शब्द एकच. मुलांना हे सांगून पाहा. पाच मिनिटं वर्गात नुसता गोंधळ होतो, आणि त्यानंतर भूतकाळ कोणी विसरत नाही.

कोणत्या वयापासून या गोष्टी सांगाव्यात?

वयाचा आकडा मी देत नाही, मूल पाहून ठरवावं. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेलेला माणूस परत येत नाही, मरण सगळ्यांना आहे आणि मेल्यावर शरीर काही करत नाही, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात. त्याआधी 'आजोबा झोपले' म्हटलं तर ते उठतील, असं मूल प्रामाणिकपणे समजतं. अशा वयात भूत ही गोष्ट राहत नाही, ती बातमी होते. म्हणून चार वर्षांच्या मुलाला भूत सांगायचंच असेल तर वेंधळं, शिंकणारं, अंधाराला घाबरणारं भूत सांगा. खरी थरारक गोष्ट आठ-नऊ वर्षांनंतर रंगते.

नुकतंच घरातलं कोणी गेलं असेल तर काही महिने हा विषय आपणहून काढू नका. मुलाने काढला तर मात्र टाळू नका.

'भूत खरंच असतं का?' असं मुलाने विचारलं तर काय सांगायचं?

मी सांगतो : 'मला कधी दिसलेलं नाही, आणि ज्यांनी नीट शोध घेतला त्यांना आजवर पक्का पुरावा मिळालेला नाही. पण भुताच्या गोष्टी मात्र शंभर टक्के असतात.' एवढ्यावर मुलांचं समाधान होतं. 'असतं, आणि हट्ट केलास तर येईल' हे उत्तर कृपा करून देऊ नका. पोराला जेवायला लावण्यासाठी वापरलेलं भूत पुढे झोपेच्या वेळी वसुलीला येतं.

जगातली सगळ्यात जुनी भुताची गोष्ट कोणती?

'सगळ्यात जुनी' असं छातीठोकपणे म्हणण्यात अर्थ नाही, पण फार जुनी एक वस्तू आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मातीची पाटी आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर भूत घालवण्याचा विधी लिहिला आहे. पाठीमागे एक चित्र कोरलं आहे, इतकं पुसट की वरून तिरका प्रकाश पडल्याशिवाय दिसत नाही. त्यात एक दाढीवाला, बांधलेल्या हातांचा पुरुष आहे आणि त्याला दोरीने पुढे घेऊन जाणारी बाई आहे. पुरुष म्हणजे भूत. मजकुराच्या शेवटी ताकीद दिली आहे : मागे वळून पाहू नकोस. रात्री अंगणातून घरात पळत येताना प्रत्येक मूल स्वतःला हेच बजावत असतं.

गोष्ट म्हणून सांगायला मात्र मला धाकट्या प्लिनीची आवडते. हा रोमन माणूस सुमारे १,९०० वर्षांपूर्वी होऊन गेला. भुतं असतात की नाहीत, असं त्याने एका मित्राला पत्रात विचारलं आणि ऐकलेली हकिगत लिहिली. अथेन्समध्ये एक मोठं घर होतं. रात्री त्यात लोखंडाचा खणखणाट व्हायचा, आधी लांबून, मग जवळून. मग एक म्हातारा दिसायचा, हाडांचा सापळा झालेला, दाढी वाढलेली, पायांत बेड्या, हातांत साखळदंड. राहणारे लोक झोपेविना खंगून मरत. शेवटी घर ओस पडलं आणि भाड्याची पाटी लागली.

अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ आला. भाडं इतकं कमी कसं, याचा त्याला संशय आला. चौकशी केली, खरं कारण कळलं आणि त्याने घर घेतलंच. रात्री पुढच्या खोलीत दिवा लावून लिहीत बसला. खणखणाट झाला, त्याने मान वर केली नाही. भूत दारात आलं आणि बोटाने 'ये' अशी खूण करू लागलं. अथेनोडोरसने काय करावं? हाताने 'जरा थांब' अशी खूण केली आणि पुन्हा लिहू लागला!

इथे गोष्ट थांबवा. मुलं हसतात, आणि हसल्यावर त्यांची भीती कुठे गेली ते त्यांनाही कळत नाही. भूत त्याच्या डोक्यावर साखळ्या वाजवू लागल्यावर तो दिवा घेऊन उठला. भूत जड पावलं टाकत अंगणात गेलं आणि नाहीसं झालं. त्याने तिथे थोडं गवत आणि पानं उपटून खूण ठेवली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगून खणायला लावलं. खाली साखळदंडात गुरफटलेली हाडं सापडली. ती गोळा करून रीतसर पुरली, त्यानंतर घरात काही झालं नाही.

गोष्ट खरी की खोटी हे प्लिनीलाही ठाऊक नव्हतं. पण नंतरच्या कितीतरी भुताच्या गोष्टींचा सांगाडा इथे दिसतो : कोणाला तरी नीट निरोप दिला गेला नव्हता, आणि कोणीतरी थांबून त्याचं ऐकलं.

वेताळ मुलांना चालतो का?

धावतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून कोडं घालतो, राजा उत्तर देतो की वेताळ परत झाडावर. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला येत नाही, तो गप्प राहतो आणि त्यातूनच पुढे त्याचा जीव वाचतो. उत्तर न आल्यामुळे वाचलेला राजा शाळकरी मुलांना फार जवळचा वाटतो. काही कोडी मोठ्यांची आहेत, ती आधी स्वतः वाचून गाळा.

स्मशान, दफनभूमी, कब्रस्तान : फरक काय?

स्मशान म्हणजे मुख्यतः दहनाची जागा. दफनभूमी म्हणजे पुरण्याची कोणतीही जागा. कब्रस्तान हा अरबी आणि फारसी शब्दांचा जोड, मुस्लिम दफनभूमीसाठी आपण तो वापरतो.

शब्दांची खरी गंमत पुढे आहे. यास्काच्या 'निरुक्त' या शब्दांच्या उगमावरच्या प्राचीन ग्रंथात 'श्मशान' हा शब्द 'श्मशयन' असा फोडला आहे. श्म म्हणजे शरीर, शयन म्हणजे झोपणं. आणि इंग्रजीत दफनभूमीला 'सेमेटरी' म्हणतात, तो शब्द ग्रीकमधून आला. तिथे त्याचा अर्थ झोपण्याची जागा. एकमेकांना न विचारता दोन भाषांनी एकच खाट टाकून ठेवली आहे.

माणसं मेलेल्यांना पुरायला कधीपासून लागली?

फार फार पूर्वीपासून. केनियात 'पंगा या सैदी' नावाची गुहा आहे. तिथे सुमारे ७८,००० वर्षांपूर्वी पुरलेलं अडीच-तीन वर्षांचं मूल सापडलं. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. संशोधकांनी त्याला 'म्टोटो' नाव दिलं, स्वाहिलीत त्याचा अर्थ मूल. ते कुशीवर, पाय पोटाशी घेऊन ठेवलेलं होतं. मान ज्या तऱ्हेने कलली होती त्यावरून डोक्याखाली उशीसारखं काहीतरी असावं, आणि ते पुढे कुजून गेलं असावं, असं त्यांना वाटतं.

शेती नव्हती, लिपी नव्हती, चाक नव्हतं. उशी मात्र होती. हे ऐकल्यावर वर्ग शांत होतो. लगेच पुढे बोलू नका.

मोठ्या दफनभूमी बागेसारख्या का दिसतात?

कारण त्या बाग म्हणूनच आखल्या गेल्या. त्याआधी युरोपातल्या शहरांत लोकांना चर्चच्या आवारातच पुरत. शतकानुशतकं तीच जागा वापरून ती ओसंडू लागली. पॅरिसमधल्या 'इनोसाँ' दफनभूमीला लागून असलेल्या एका घराच्या तळघराची भिंत १७८० मध्ये त्या भाराने कोसळली. दफनभूमी बंद झाली. मग तिथली आणि इतर ठिकाणचीही हाडं शहराखालच्या जुन्या दगडखाणींत हलवायचं ठरलं. काळ्या कापडाने झाकलेल्या गाड्या, सोबत पाद्री, आणि ही वाहतूक रात्रीची! कोणी खिडकीतून पाहिलं असेल तर त्याने आयुष्यभर भुताची गोष्ट सांगितली असणार. आज त्या खाणींत सुमारे ६० लाख माणसांचे अवशेष असल्याचं सांगतात.

त्यानंतर १८०४ मध्ये शहराच्या कडेला पेर लाशेझ ही झाडांची, वळणावळणांच्या वाटांची दफनभूमी सुरू झाली. तिथे पुरलेली पहिली व्यक्ती पाच वर्षांची मुलगी होती. अमेरिकेत बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्न झाली, तिथे लोक सुटीच्या दिवशी फिरायला जात. लंडनने १८५४ मध्ये त्यावर कडी केली : मृतांसाठी रेल्वेच सुरू केली. वॉटर्लूहून ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत सुमारे ३७ किलोमीटर, पहिला, दुसरा, तिसरा वर्गसुद्धा. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळे. शवपेटीला फक्त जाण्याचं.

थडग्याभोवती लोखंडी पिंजरा असतो, तो भूत बाहेर येऊ नये म्हणून ना?

उलट आहे. पिंजरा बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वैद्यकीय शिक्षण वाढत होतं. शरीररचना शिकायला मृतदेह लागत, आणि कायद्याने फार थोडे मिळत. मग रात्री ताजी कबर उकरून देह विकणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये लोकांनी यावर जड लोखंडी जाळ्या आणि पिंजरे बनवले. देह विकण्याजोगा राहिला नाही की, म्हणजे काही आठवड्यांनी, पिंजरा काढून पुढच्या कबरीवर ठेवत. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत असे पिंजरे आजही पाहता येतात. काही ठिकाणी पहाऱ्यासाठी मनोरे होते. आता कल्पना करा : अंधारी रात्र, कबरीजवळ हलणारा कंदील, फावड्याचा आवाज. पाहणाऱ्याने भूत पाहिलं असं म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

१८३२ च्या कायद्याने वैद्यकीय शाळांना देह मिळण्याची अधिकृत वाट झाली आणि हा धंदा बसला. पिंजरे राहिले, कारण विसरलं गेलं, आणि पिंजऱ्यात भूत येऊन बसलं.

कबरीवर घंटा बांधत, हे खरं का?

तशा पेट्यांची पेटंटं खरी आहेत. अमेरिकेत १८६८ मध्ये एकाने घंटा आणि शिडी असलेल्या शवपेटीचं पेटंट घेतलं होतं. चुकून जिवंत पुरलं जाण्याची भीती त्या काळी मोठी होती. पण ते यंत्र वापरून कोणी वाचल्याची खात्रीची नोंद नाही.

मेल्यावर नखं आणि केस वाढतात का?

नाही. कातडी आकसते, त्यामुळे नखं लांब झाल्यासारखी दिसतात.

जुना दगड वाचायचा कसा? अक्षरं दिसतच नाहीत.

या प्रश्नासाठी सोबत एक विजेरी आणि एक छोटा आरसा घ्या. दगडावर समोरून प्रकाश टाकला की अक्षरं गायब होतात. विजेरी दगडाच्या कडेला, अगदी टेकल्यासारखी धरा आणि प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाऊ द्या. खाचांच्या एका कडेला सावली पडते आणि मघाशी कोरा वाटलेला दगड बोलू लागतो. बॅबिलोनच्या त्या पाटीची युक्तीच ही. दिवसा हेच आरशाने उन्हाचा कवडसा पाडून करता येतं : एका मुलाने आरसा धरायचा, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. आरसा कोण धरणार यावरून भांडण होतं, ते धरूनच चाला.

दगड खरवडू नका, खडूने अक्षरं भरू नका, तारेचा ब्रश लावू नका, कागद ठेवून घासूही नका. जुना दगड आतून पोकळ झालेला असू शकतो. फोटो पुरेसा आहे.

संगमरवर आणि चुनखडी पावसातल्या आम्लाने झिजतात, ग्रॅनाइट टिकतो. संगमरवरावर कधी कधी शिशाची अक्षरं ठोकलेली असतात. ती गळून पडली की मागे बारीक भोकं उरतात. भोकं जोडत गेलं की अक्षर मिळतं, अगदी ठिपके जोडून चित्र काढतात तसं.

मग खुणा. मोडका खांब म्हणजे अर्ध्यावर तुटलेलं आयुष्य. कोकरू बहुधा मुलाच्या थडग्यावर. जहाजाचा नांगर म्हणजे आशा, क्वचित खलाशीही. पंख असलेलं वाळूचं घड्याळ म्हणजे उडून जाणारा काळ. कवटी आणि दोन हाडं दिसली की मुलं 'चाचा!' म्हणून ओरडतात, म्हणजे समुद्री चाचा. त्यांना सांगा की 'मरण लक्षात ठेव' याची ती खूण आहे आणि खाली एखादा अगदी सभ्य व्यापारी असण्याची शक्यता जास्त.

शेवटी गणित. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ मध्ये सुरू झाली, तिथे कवी आणि शिक्षक हेन्री डेरोझिओ आहे : जन्म १८०९, मृत्यू १८३१. वजाबाकी मुलांनाच करू द्या. बावीस हे उत्तर आलं की 'माझा दादा एवढाच आहे' असं कोणीतरी म्हणतं. तिथेच संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सही आहे, १७४६ ते १७९४.

जुन्या इंग्रजी दगडांवर '१७३१/३२' असं दुहेरी वर्ष दिसलं तर कोरणाऱ्याची चूक समजू नका. तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन्ही वर्षं लिहीत. १७५२ मध्ये त्यांनी कॅलेंडर बदललं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा दिवसांचं थडगं तिथे सापडणं शक्य नाही. शोधायला लावा, अर्धा तास शांतता मिळते.

इतकी लहान मुलांची थडगी का असतात?

हा प्रश्न येणारच, तयारी ठेवा. खरं उत्तर असं की दोनशे वर्षांपूर्वी जगात जवळपास निम्मी मुलं मोठी होण्याआधीच जात. देवी, घटसर्प, हगवण, गोवर. आज पाच वर्षांच्या आत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण जगभरात शंभरात चारच्या आसपास आहे. मधल्या काळात स्वच्छ पाणी आलं, लस आली. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये देवीची पहिली लस टोचली, आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. मुलांना हे सांगा आणि दंडावरची लस कशासाठी होती ते त्यांना आपोआप कळू द्या. 'तुलाही असं होईल का' असं विचारलं तर 'फार फार कमी शक्यता, आणि त्यासाठीच तर ती सुई' हे उत्तर खरं आहे आणि पुरेसंही.

जिथे दहन होतं तिथे वाचायला काय असतं?

थडगं नसलं तरी दगड असतो. दख्खनमध्ये गावोगाव वीरगळ उभे आहेत, लढाईत पडलेल्या माणसाच्या स्मरणाचे दगड. ते पुस्तकासारखे वरून खाली वाचायचे नाहीत, खालून वर वाचायचे. खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून. माथ्यावर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर हे नाव राहो.

माझा आवडता दगड कर्नाटकातल्या आतकूरचा आहे, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्यावरचा. त्यावर काळी नावाचा शिकारी कुत्रा आहे, समोर रानडुक्कर आहे. दोघंही त्या झुंजीत मेली. शिलालेखात एका राजाच्या युद्धविजयाची हकिगत आहे, पण कोरलेलं चित्र कुत्र्याचं आहे. मुलांना राजाचं नाव आठवत नाही. काळी आठवतो.

रात्री दफनभूमीत आवाज येतात ते कोणाचे?

मुख्य संशयित : गव्हाणी घुबड. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा, पोट पांढरं, उडताना पंखांचा आवाज जवळजवळ शून्य. ओरडतं ते घू-घू असं नाही, किंकाळी फोडल्यासारखं. राहतं जुन्या इमारतींत, मनोऱ्यांत, ढोलीत. अंधारात डोक्यावरून काहीतरी पांढरं, निःशब्द तरंगत गेलं आणि मग किंचाळलं, एवढं वर्णन ऐकलं की मी पक्ष्यांचं पुस्तक काढतो.

दुसरा संशयित पिंपळ. त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो, त्यामुळे इतर झाडं गप्प असताना पिंपळ सळसळतो. मुंजाने राहायला नेमकं हेच झाड का निवडलं ते आता कळलं असेल. तिसरा संशयित लाकूड : दिवसा तापलेलं लाकूड रात्री आकसतं आणि कट्‌ असा आवाज करतं.

चकवा लागतो म्हणजे काय?

ओळखीच्या रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, म्हणजे चकवा लागला. हा अनुभव खोटा नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ चालले. तो झाकला गेला की वळत गेले आणि स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना कळलं नाही. डोळे बांधल्यावर तर काही जण अवघ्या वीस मीटर रुंदीच्या वर्तुळात फिरले. मोकळ्या मैदानात मुलांचे डोळे बांधून हा प्रयोग करा. सगळ्यात जास्त खात्री असलेलं मूलच पहिल्यांदा वळतं.

शास्त्रज्ञांना कधी भूत दिसलं आहे का?

विक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्याला दिसलं. तो एका प्रयोगशाळेत रात्री एकटा काम करत होता. अंगावर काटा आला, घाम फुटला, डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती उभी. धीर करून वळला तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात पकडलं. पातं आपोआप थरथरू लागलं. कोणीही पळालं असतं. त्याने शिकंजा खोलीभर सरकवून पाहिला, तर खोलीच्या मध्यावर थरथर सर्वांत जास्त आणि टोकांना बंद. शोध घेता घेता तो नव्याने बसवलेल्या हवा ओढणाऱ्या पंख्यापाशी पोचला. पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा आवाज काढत होता. माणसाला साधारण २० च्या खालचं ऐकू येत नाही, शरीराला मात्र जाणवू शकतं. पंख्यात बदल केला आणि भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. नंतरच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, तेव्हा जगातली सगळी भुतं पंख्यात कोंबू नयेत. पण शिकंजा सरकवत बसलेला तो माणूस मला अथेनोडोरसचा भाऊ वाटतो.

तुतनखामेनच्या शापाचं काय?

तुतनखामेन हा प्राचीन इजिप्तचा राजा. १९२२ मध्ये त्याची कबर सापडली, खोदकामाला पैसे पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ मध्ये गेले आणि वर्तमानपत्रांना शाप मिळाला. त्यांना डास चावला होता, दाढी करताना तिथे कापलं आणि जखम चिघळली. शाप असता तर कबर प्रत्यक्ष उघडणारा हॉवर्ड कार्टर आधी जायला हवा होता. तो १९३९ पर्यंत जगला. कबर उघडताना हजर असलेल्या लोकांच्या आयुर्मानाचा हिशेब २००२ मध्ये एका संशोधकाने मांडला. शापाचा मागमूस मिळाला नाही.

दफनभूमीत मुलांना नेताना काय पाळायचं?

आधी परवानगी काढा. अंत्यविधी चालू असेल तर त्या बाजूला फिरकू नका. थडग्यावर चढायचं नाही, टेकायचंही नाही. मोठा दगड हलका धक्का लागूनही कलंडू शकतो आणि खरा धोका तिथे भुतापेक्षा हाच आहे. फुलं, दिवे, खेळणी, जे काही कोणी ठेवलं असेल ते जागचं हलवायचं नाही. बंद बूट घाला, गवतात साप असतो. जा सकाळी. रात्री नेऊन दाखवण्यासारखं तिथे काही नसतं, अंधार घरीही मिळतो.

गोष्ट सांगायची कशी? माझी मुलं मध्येच हसतात.

हसू द्या, भीती बाहेर पडायची ती एक वाट आहे. आवाज चढवू नका, उतरवा. भुताचं वर्णन कमी करा. दाराची कडी, थंड झालेली फरशी, विझायला आलेली वात यांचं जास्त करा. एकच आवाज निवडा आणि तो तीनदा आणा, दर वेळी थोडा जवळून. प्लिनीने साखळ्यांचं हेच केलं आहे.

आणि शेवट उघडा ठेवू नका, निदान झोपण्यापूर्वीच्या गोष्टीत तरी. भूत कोण होतं, त्याला काय हवं होतं, ते मिळालं की नाही, हे मुलाला कळलं पाहिजे. नाव नसलेलं भूत रात्रभर जागं ठेवतं. नाव, गाव आणि अडचण कळली की मूल त्याची कीव करू लागतं.

गोष्टीनंतर मूल म्हणालं, 'दिवा चालू ठेव', तर?

ठेवा. चिडवू नका, उद्या शाळेत सांगेन म्हणू नका. पलंगाखाली एकदा विजेरी टाकून दाखवा, पण विजेरी त्याच्या हातात द्या. दिव्याचं बटणही त्याच्या हाताशी असू दे. बहुतेक वेळा थोड्या वेळाने अंधारातून हाक येते : 'त्या कुत्र्याचं नाव काय होतं?'